रंग लावायच्या आधीची होडी

वाचकाचं पत्र:

ताई, मी ३४ वर्षांचा आहे. नोकरी पुण्यात, पण महिन्यातले पंधरा दिवस घरून काम असतं, म्हणून तेवढे दिवस मी दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या घरी राहतो. आजोबांची होडी होती, ती मी लहान असतानाच मोडीत निघाली. आता गावातल्या एका ओळखीच्या घरातली २६ फुटी लाकडी होडी विकायची आहे. १८ वर्षं जुनी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. नुकताच रंग लावलाय, बुडाला फायबर मारलंय, इंजिन नवीन केलंय म्हणतात. किंमत पावणेतीन लाख. कागद त्यांच्या वडिलांच्या नावावर आहेत, ते तीन वर्षांपूर्वी वारले. मासेमारीचा परवाना आहे, त्यावरच पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेता येतं, असं सांगतात. मी दहा हजार इसार दिलाय. नारळी पौर्णिमेच्या आत सौदा करा, मागे दुसरं गिऱ्हाईक आहे, असा तगादा आहे. मला लाकडातलं काही कळत नाही. घेऊ का? घ्यायची तर काय बघू?

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना माझं बोट ‘नुकताच रंग लावलाय’ या शब्दांपाशी थांबलं आणि तिथून पुढे सरकेना.

माझे वडील होड्या बांधायचे. आमच्या अंगणात सागाच्या आणि ऐनाच्या फळ्या सुकत असायच्या आणि त्यांच्या वासातच आम्ही भावंडं वाढलो. पुढे मी मच्छीमार सोसायटीत पंचवीस वर्षं हिशेब लिहिले. म्हणजे होडीचं लाकूड मी घरी पाहिलं आणि होडीचे कागद कचेरीत. तरीही १९९८ साली माझ्याच भावाने श्रावणात एक जुनी होडी घेतली, ती रंग बघून. हिरवा काठ, तांबडं बूड, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नवं नाव, हार घातलेला. त्या वर्षी वडील आजारी होते, त्यांना बघायला नेता आलं नाही. डिसेंबरात खाडीच्या तोंडाशी नाळेजवळची एक फळी सुटली. ओहोटी होती आणि वाळू जवळ होती, म्हणून माणसं चालत बाहेर आली. होडी वर ओढल्यावर वडिलांनी काठी टेकत येऊन इंजिनाच्या बैठकीखालचं लाकूड बोटाने उकरलं, तर ते भिजलेल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखं हातात आलं. वडील भावाला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “जून महिन्यात का नाही गेलास बघायला?”

त्या प्रश्नातच तुम्हाला द्यायचं बरंचसं उत्तर आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मेअखेरीला होड्या किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, सांधे उघडून बघतात. तेव्हा होडी अंगावर काही न घेता उभी असते. जुलैअखेर तिच्यावर रंग चढतो आणि नारळी पौर्णिमेला ती नवरीसारखी दिसते. विकणारा लबाडच असतो असं मी म्हणत नाही. रंग सगळेच लावतात, लावायलाच हवा, तो लाकडाचं रक्षण करतो. पण जुनी होडी पहिल्यांदा घेणाऱ्याने ती रंगाच्या आधी बघावी किंवा रंग खरवडून बघावी. तिसरा मार्ग मला माहीत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. विकणाऱ्यांना फोन करून सांगा की मी एका होडी बांधणाऱ्या मिस्त्रीला घेऊन येतो, चार जागी तळहाताएवढा रंग खरवडायची परवानगी द्या, खरवडलेलं मी माझ्या खर्चाने पुन्हा रंगवून देईन. ते ‘या’ म्हणाले तर जा. ‘नको, रंग खराब होतो’ म्हणाले तर तुमचे दहा हजार बुडाले असं समजा आणि घरी बसा. पावणेतीन लाखांपुढे ते दहा हजार काहीच नाहीत.

आता खरवडायचं कुठे, ते सांगते, कारण नवखा माणूस हमखास चुकीच्या जागी बघतो. त्याला वाटतं, होडी पाण्यात असते तर बूडच आधी कुजणार. तसं नसतं. खारं पाणी लाकडाला सहसा कुजू देत नाही. लाकूड कुजतं ते गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाच्या. कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी, हवा हवी आणि मीठ नको. कोकणात चार महिने पाऊस होडीच्या आत पडतो आणि जिथे त्याला वाट मिळत नाही तिथे साचतो. तेव्हा बघायच्या जागा म्हणजे नाळेचा आतला कोपरा, जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या एकत्र येतात. वरच्या काठाखालची घडी. आतल्या वाकड्या बरगड्यांची वरची टोकं. मागच्या पाटीचे, म्हणजे होडीची मागची बाजू बंद करणाऱ्या आडव्या फळीचे, दोन्ही कोपरे. आणि इंजिनाची बैठक. बैठकीखाली पावसाचं पाणी, डिझेल आणि तेल मिळून जो काळा रेंदा साचतो, त्याच्याखाली हात घालायला कोणालाच आवडत नाही. तुम्ही घाला.

पाऊसभर ही होडी कशी झाकली होती, तेही विचारा. झावळ्यांनी शाकारलेली होडी श्वास घेते, वारा आत-बाहेर करतो. ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेली होडी आतून घामाने निथळत असते आणि चार महिने तशी राहिली की बुरशीला पंगत वाढल्यासारखं होतं. जुनी माणसं झावळ्या वापरत ती केवळ ताडपत्री परवडत नव्हती म्हणून नव्हे.

हातात बोथट पेचकस घ्या, टोकदार नको, दुसऱ्याच्या होडीला भोकं पाडायची नाहीत. फक्त दाबायचं. चांगलं लाकूड पेचकसाला मागे ढकलतं, कुजलेलं त्याला आत घेतं. मग पेचकसाच्या मुठीने फळ्यांवर हळू ठोकत जा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घट्ट लाकूड स्वच्छ वाजतं, पोकळ किंवा भिजलेलं लाकूड भद्द वाजतं. पहिल्या पंधरा मिनिटांत काही कळणार नाही. अर्ध्या तासाने कान आपोआप फरक सांगायला लागतो, मी माझ्या भाचीला हे एका सकाळीत शिकवलं आहे.

पाण्याखालच्या भागाचा शत्रू वेगळा. तो किडा. शास्त्रात त्याला टेरेडो म्हणतात. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या कुळातला. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो, आत वाढतो आणि लाकडाच्या रेषेने बोगदा कोरत जातो, आतून चुन्यासारखा थर देत. शेजारच्याचा बोगदा तो सहसा ओलांडत नाही, म्हणून फळी बाहेरून अखंड दिसते आणि आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. बुडाला खरवडल्यावर बारीक भोकं दिसली की मिस्त्रीला तिथे थांबवा. दोन-चार भोकं असतील तर फळी बदलता येते. तळाच्या कण्यात, ज्या एका लांब तुळईवर सगळी होडी उभी असते तिच्यात भोकं असतील, तर होडी मागे ठेवा. तो कणा बदलणं म्हणजे होडी नव्याने बांधणंच. पूर्वी होडी वाळूवर घेऊन झावळ्यांचा जाळ बुडाखालून फिरवत, मग तेल नाहीतर चुना-चरबी फासत. ते सगळं या किड्यासाठीच होतं.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट, ‘बुडाला फायबर मारलंय’. हे ऐकून तुम्हाला धीर आला असेल. मला आला नाही. चांगल्या, कोरड्या लाकडावर नीट चढवलेलं फायबर किडा रोखतं, हे खरं. पण अठरा वर्षांच्या होडीला फायबर कधी मारलं, ते विचारा. नवी असताना मारलं असेल तर ठीक. गळायला लागल्यावर मारलं असेल तर ओलं लाकूड आत कोंडलं गेलंय. लाकूड भिजतं-सुकतं, फुगतं-आखडतं, फायबर तसं करत नाही, म्हणून कधी ना कधी दोघांत फट पडते. त्या फटीत पावसाचं पाणी उतरलं की बाहेरून बूड आरशासारखं आणि आत खत. फायबरच्या वरच्या कडेला, जिथे ते संपतं तिथे, नखाने उचलून बघा. कड सुटी असेल, किंवा ठोकल्यावर खालून कागदासारखा आवाज येत असेल, तर या एका कारणावरून मी नकार देईन.

खिळेही बघा. लोखंडी खिळ्यांच्या डोक्यातून गंजाचे तांबूस ओघळ उतरलेले दिसतील, रंगातूनही ते वर येतात. चार-दोन असणारच. पण एका रांगेत सगळ्या खिळ्यांचे ओघळ असतील तर त्या बरगडीला फळीची पकड राहिलेली नाही. गंजलेल्या लोखंडाभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ होतं, मग नवा खिळा ठोकायलाही जागा उरत नाही.

हे सगळं जमिनीवर. नंतर होडी पाण्यात बघायची, आणि इथे नवखा माणूस उलट्या बाजूने चुकतो. दोन महिने वर राहिलेली लाकडी होडी पाण्यात टाकली की पहिल्या दिवशी गळणारच. फळ्या आखडलेल्या असतात, पाणी पिऊन फुगल्या की सांधे मिटतात. घाबरून पळू नका. दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पूर्ण कोरडी उपसा, रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी किती डबे पाणी निघतं ते मोजा. चार डबे निघाले तर जुन्या होडीला ते शोभतं. डबे मोजता मोजता सूर्य वर आला तर सांध्यांतला कलफात गेलाय, म्हणजे फळ्यांमध्ये ठोकलेला कापूस-काथ्या. तो नव्याने करता येतो, पण चांगला करणारे हात आता किनाऱ्यावर थोडे उरलेत, आणि त्यांची मजुरी किमतीतून वजा करायला हवी.

होडी पाण्यात असतानाच तिचं बूड पुन्हा बघायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधा. भरतीला ती सपाट वाळूवर आणा, पाणी उतरलं की ती कोरड्यावर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत तुम्हाला काही तास मिळतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, हे जमत नाही, पाणी पुरेसं उतरतच नाही. त्या वेळात होडीला पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा हाताने हलवून बघा. वर-खाली खुळखुळला तर त्याला धरून ठेवणारं बुश गेलंय. पंख्याची पाती चावल्यासारखी खाल्लेली दिसली तर खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र येऊन जे होतं ते झालंय. लोखंड, पितळ एकमेकांशेजारी बुडाले की त्यातला एक धातू झिजतो. त्याच्यासाठी जस्ताचा तुकडा लावतात, म्हणजे आधी तो झिजावा. तो तुकडा जागेवर आहे का, बघा. इतक्या स्वस्त वस्तूकडे ज्याने लक्ष दिलं त्याने बाकी होडीकडेही दिलं असेल, असा माझा अनुभव आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते लाकडाइतकं फसवत नाही. ‘नवीन केलंय’ म्हणजे काय केलं, ते विचारा. लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या असतील तर बिलं असतील आणि फिटरचं नाव असेल. त्या फिटरला स्वतः भेटा. तुम्ही पोचायच्या आधी इंजिन सुरू करून ठेवू नका, असं बजावून सांगा, कारण गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. हात लावून बघा, थंड आहे ना, मग सुरू करायला सांगा. सुरुवातीला थोडा धूर येईल. नंतरही निळसर येत राहिला तर तेल जळतंय, काळा येत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त पडतोय, पांढरा थांबत नसेल तर आत पाणी जात असेल. तेलाची पट्टी काढा, तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर खारं पाणी आत पोचलंय, आणि खारं पाणी पोचलेलं इंजिन मी फुकटही घेणार नाही. मग तासभर भर वेगाने चालवा. खाडीत दहा मिनिटांची फेरी मारून ‘बघा, मस्त चालतंय’ म्हणतील, त्यावर समाधान मानू नका. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड असते, तिच्यातून चालताना मिनिटाला काही थेंब पडणं बरोबर आहे, त्याने ती थंड राहते. धार लागली तर नाही.

आता कागद. इथे मी तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण लाकडाने फसलेली माणसं मी कमी पाहिली आणि कागदाने फसलेली जास्त.

होडी वडिलांच्या नावावर, वडील वारले, तीन वर्षं झाली. म्हणजे आज जो माणूस तुमच्याकडून इसार घेतोय तो होडीचा एकटा मालक आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. त्याला भाऊ-बहिणी असतील, आई असेल. त्या सगळ्यांचा हक्क आहे. आधी वारसांची नोंद होऊन होडी त्यांच्या नावावर चढू द्या, मग सगळ्यांच्या सह्यांनी तुमच्या नावावर येऊ द्या. मुंबईत राहणारी बहीण ‘हरकत नाही हो’ असं फोनवर म्हणते, ते पुरत नाही. सोसायटीत बसून मी पाहिलंय, होडी चांगली चालायला लागली की हरकती आठवतात.

त्यानंतर कर्ज. आपल्याकडच्या पुष्कळ यांत्रिक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून सोसायट्यांमार्फत आल्या, काही बँकांच्या. माणूस जातो, कर्ज राहतं, आणि बोजा होडीवर असतो. त्या मच्छीमार सोसायटीचा ना-देय दाखला बघितल्याशिवाय एक रुपयाही पुढे सरकवू नका. सोसायटीच्या सचिवाला भेटा, चहा घ्या, सरळ विचारा. लहान गावात हे विचारायला संकोच वाटतो, ओळखीचं घर म्हणून तर जास्तच. तरी विचारा. चांगल्या घराला अशा विचारण्याचा राग येत नाही.

नोंदणी दाखल्यावरचा क्रमांक आणि होडीवर रंगवलेला क्रमांक जुळवा. इंजिनाचा क्रमांक, होडीची लांबी हेही दाखल्याशी जुळवा. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका पळवून समुद्रातून आले, त्यानंतर किनाऱ्यावर क्रमांक, ओळखपत्र, तपासणी याबाबत कोणी ढिलाई करत नाही, आणि करूही नये. क्रमांक न जुळणारी होडी घेऊन पोलिसांच्या गस्ती नौकेसमोर उभं राहायची वेळ तुमच्यावर येऊ नये. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कचेरीत जा, परवाना अधिकाऱ्याला भेटा आणि या होडीचा क्रमांक देऊन विचारा की नोंदणी चालू आहे का, परवान्याची मुदत कधीपर्यंत आहे, आणि माझ्यासारख्याच्या नावावर तो कसा होईल. जुन्या मालकाच्या परवान्यावर तुम्ही मासेमारी करू शकत नाही, तो तुमच्या नावाने लागतो.

डॉल्फिनवाल्या पर्यटकांवर मात्र मला थांबायचंच आहे. मासेमारीचा परवाना मासेमारीचा असतो. पैसे घेऊन माणसं न्यायची तर त्यासाठी नौकेची वेगळी तपासणी आणि परवानगी लागते, ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं. किती माणसं बसवायची तो आकडाही तेच ठरवतात. ‘सगळेच नेतात’ हे मीही ऐकते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोन माणसं गेली. तेव्हाही किनाऱ्यावर सगळे जण रोजच्यासारखेच होते.

आणि परवानगी बाजूला ठेवली तरी होडीचा स्वभाव बघा. मासेमारीची होडी वजन तळाशी घ्यायला बांधलेली असते. जाळी, बर्फ, मासळी सगळं खाली बसतं आणि होडी जड, शांत होते. पर्यटक तसे बसत नाहीत. हर्णैजवळ सुवर्णदुर्गाच्या बाजूला डाव्या अंगाला एक डॉल्फिन वर आला की दहाच्या दहा माणसं उठून डावीकडे जाणार, मोबाईल वर धरून, त्यातली दोन काठावर पाय ठेवून. वजन वर गेलं आणि एका बाजूला गेलं. २६ फुटी होडीला तेवढं पुरतं. खलाशाला हे माहीत असतं, म्हणून तो ओरडतो. तुम्ही वल्हंसुद्धा अजून हातात धरलेलं नाही. पहिलं वर्ष या होडीत पैसे देणारा एकही माणूस घ्यायचा नाही, एवढं माझं ऐका. घरच्या माणसांनाही जॅकेट घातल्याशिवाय बसवू नका, बाकाखाली ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही. विमा आहे म्हणतील, पण परवानगीविना पैसे घेऊन माणसं नेताना काही घडलं तर तो विमा तुमच्या बाजूने उभा राहील, अशी आशा धरू नका.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ जिच्याबद्दल तुम्ही काही विचारलंच नाही. महिन्यातले पंधरा दिवस तुम्ही पुण्यात असता.

लाकडी होडी पंधरा दिवस एकटी राहत नाही. पाऊस पडला की कोणीतरी जाऊन उपसावं लागतं. ऊन चढलं की वरच्या फळ्यांवर पाणी मारावं लागतं, नाहीतर तडकतात. उधाण आलं की दोर बघायचा, भांग आला की ती रुतली नाही ना बघायचं. आमच्या घरात वडील सकाळी तोंड धुवायच्या आधी होडीकडे जाऊन यायचे. तुमच्या आजोबांचंही तसंच असणार, घरच्यांना विचारून बघा. तेव्हा होडी घ्यायचीच असेल तर आधी माणूस शोधा. गावातला एखादा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य खलाशी, वयाने पोचलेला, ज्याला भागीदारी किंवा महिन्याचा ठरलेला पगार द्याल, जो तुमच्यामागे होडीकडे बघेल आणि तुम्ही आलात की तुम्हाला शिकवेल. असा माणूस मिळत नसेल तर लाकडी होडी तुमच्यासाठी नाही, ती कितीही चांगली असो.

मग काय, तर लहान फायबरची होडी, बाहेरून टांगायचं इंजिन. ती सोसते, वर ओढायला दोन माणसं पुरतात. जुनी घेतलीत तर इंजिन टांगतात ती मागची पाटी दाबून बघा, फायबरच्या आत बहुतेकदा प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं. इंजिन धरून वर-खाली हलवा, पाटी त्याच्याबरोबर वाकली तर सोडून द्या. पाय ठेवल्यावर तळव्याखाली मऊ लागणारा होडीचा आतला तळ, बुडावर उठलेले फोड, हेही बघा. इंजिन चालू असताना मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक पिचकारी सतत उडायला हवी. आजोबांच्या होडीसारखी ती दिसणार नाही, हे मला समजतं. तुमच्या पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली.

पैशांचं एक. होडीला जेवढे द्याल त्याच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा आणि ते नाहीत असं समजा. वर ओढणं, खरवडणं, रंग, कलफात, दोर, नांगर, बॅटरी, डिझेल, तांडेलाचा पगार, सगळं त्यातून जाईल. पावणेतीन लाख ही तुमची सगळी शिल्लक असेल तर तुम्हाला परवडणारी होडी दीड-पावणेदोन लाखांची आहे, जास्तीची नाही.

तुमच्या जागी मी असते तर या वर्षी होडी घेतली नसती. एखाद्या तांडेलाला विचारून ऑगस्टपासून मेपर्यंत, गावी असेन त्या दिवसांत त्याच्या होडीवर गेले असते. पहाटे तीनला उठले असते, दोर ओढले असते, उपसलं असतं, मे महिन्यात होडी वर ओढायला खांदा दिला असता आणि जूनमध्ये त्याच्याबरोबर किनाऱ्यावरच्या दहा उघड्या होड्या ठोकून बघितल्या असत्या. तोवर तुमच्या ओळखीच्या घराच्या वारसनोंदीही झाल्या असतील. त्यांचं दुसरं गिऱ्हाईक खरंच उभं असेल तर ही होडी जाईल, जाऊ द्या. दर जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर कोणाची ना कोणाची होडी विकायला निघतेच.

पण तुमचं मन याच होडीवर बसलं असेल, हेही मी समजू शकते. तर मग येत्या पौर्णिमेच्या उधाणाला मिस्त्रीला घेऊन जा. पूर्ण दिवसाची मजुरी आधी त्यांच्या हातात ठेवा, म्हणजे विकणाऱ्यांच्या भिडेने त्यांना गोड बोलावं लागणार नाही. ते काही सुचवतील ते लिहून घ्या आणि मला कळवा, विशेषतः नाळेच्या आतल्या कोपऱ्यात आणि इंजिनाखाली काय निघालं ते.